चिम्बियाच्या पेटीतली मतं

कालुंबे, २३ मे १९९४

फालेसी,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. मी बरा आहे. तुझी वहिनीही बरी आहे, गुडघे सोडले तर. सीमेपलीकडच्या लुसाकातला तुझा पत्ता मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून मिळवला. मी तिच्याकडे विषाची बाटली मागितली असती तरी तिने एवढे आढेवेढे घेतले नसते.

कागदाच्या डोक्यावर जे छापलंय ते वाचू नकोस. 'खासदार' हा शब्द खोडायला हवा होता, पण कागद जाड आणि चांगला आहे, आणि असे सहाशे कागद अजून कपाटात पडलेत. सहाशे वेळा कोण खोडत बसणार?

तर, निवडणूक झाली. तुमच्या तिकडच्या रेडिओवर ऐकलंच असशील. आपल्याकडे पहिल्यांदाच एकाहून जास्त पक्ष उभे होते. त्यामुळे लोकांचा गोंधळ उडाला आणि मी थोडासा मागे पडलो. थोडासा म्हणजे कपालामुलाला सतरा हजार पडली आणि मला एकोणीसशे. वीस वर्षं मी बिनविरोध निवडून येत होतो, हे तुला आठवत असेल. बिनविरोध निवडून येण्यात माझा हात कोणी धरला नसता.

हा कपालामुला म्हणजे दाउदा कपालामुला. बाजाराच्या फाटकाशी पक्षाचं कार्ड तपासायला मी ज्याला उभा केला होता, तोच. कार्ड नसलेल्या म्हातारीला तो टोमॅटोसुद्धा घेऊ द्यायचा नाही. फेब्रुवारीत तो माझ्याकडे जेवला, मार्चमध्ये लोकशाहीवादी झाला आणि मेमध्ये खासदार. परवाच्या सभेत म्हणाला, मी लहानपणापासून हुकूमशाहीशी लढतोय. कोणाच्या हाताखाली राहून लढत होता, तेवढं सांगायचं विसरला.

बायकांनी त्याच्यासाठी नाच केला. गाणं तेच, माझंच. 'आमचा सिंह चत्सिका' होतं तिथे 'आमचा सिंह कपालामुला' घातलं. दोन अक्षरं जास्त होतात, ठेका चुकतो, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

गाडी सरकारने परत नेली. आता पायी हिंडतो. कालुंबेत एवढे चढ आहेत हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

हे पत्र तुला बंद पाकिटातच मिळेल. पूर्वी तुमची पत्रं उघडून वाचत, हे मला माहीत आहे. उघडणारा पोस्टातला माणूस दर शनिवारी माझ्याकडेच यायचा. आता तो कपालामुलाकडे जातो, पण फक्त चहाला, असं शपथेवर सांगतो.

बातूमेयोचा कान कसा आहे? त्र्याऐंशी साली तुझ्या नवऱ्याला पोलीस घेऊन गेले तेव्हा लोक काय काय बोलले, ते माझ्यापर्यंत आलं होतं. मी त्या आठवड्यात राजधानीत होतो. त्याच्याविरुद्धच्या कागदावर कोणाची सही होती, मला ठाऊक नाही. तुझ्या लग्नात पाठीराखा म्हणून मी उभा होतो. तुमच्या घरात काही मोडलं तर सांधायचं काम आपल्या रिवाजाने माझं. असा माणूस असलं काही करेल का, एवढा तरी विचार तू करायला हवा होतास.

तुझा दादा,
येसाया चत्सिका
जिल्हाध्यक्ष (हे अजून आहे)

कालुंबे, ११ नोव्हेंबर १९९४

फालेसी,

उत्तर आलं नाही. मी वहिनीला म्हटलं, "हल्ली पोस्टाचा कारभार ढिला झालाय." ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पोस्ट ठीक आहे."

पक्षातले लोक रोज एकेक करून चाललेत. कोणी सांगून जात नाही. बैठकीला खुर्ची रिकामी दिसली की समजायचं. मागच्या महिन्यात खजिनदार गेला आणि जाताना पक्षाचा शिक्का घेऊन गेला. तिकडे त्याला त्याचा काय उपयोग?

मग एका रविवारी कपालामुला स्वतः घरी आला. माझीच गाडी. ड्रायव्हरसुद्धा माझाच. त्याने मला सवयीने सलाम ठोकला आणि मग घाबरून कपालामुलालाही ठोकला.

"साहेब," कपालामुला म्हणाला, अजून साहेबच म्हणतो, "असे एकटे काय बसलात? आमच्याकडे या. राजधानीत बघा, तुमचे निम्मे मंत्री आलेच की आमच्याकडे."

"आणि तत्त्वं?" मी विचारलं.

"तीही आणा," तो म्हणाला. "जागा आहे."

आता तू माझी बहीण आहेस म्हणून सांगतो. मी नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, बघतो. आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे जाऊन त्यांच्या जांभळ्या रंगाचा सदरा शिवायला टाकला. शिंपी माप घेताना म्हणाला, "छातीचं माप लागणार नाही साहेब, या महिन्यातला हा अकरावा. तुमच्या पक्षातल्या सगळ्यांची छाती सारखीच आहे."

सदरा आला. वहिनी इस्त्री करेना.

"का?" मी म्हटलं.

"तुमच्यात एकच गोष्ट धड होती," ती म्हणाली. "तुम्ही कोणाचे आहात ते लांबून कळायचं. लोक वेळेवर पळू शकायचे."

तरी मी गेलो. बिनइस्त्रीचाच घालून गेलो. फुटबॉलच्या मैदानावर आमचे सात जण जांभळे होऊन उन्हात ओळीने उभे होते. माझे सात! कपालामुला त्यांच्याकडून घोषणा म्हणून घेत होता आणि आवाज कमी पडला की पुन्हा म्हणायला लावत होता. ही युक्ती माझी. मी झाडाआडून बघितलं आणि घरी परतलो.

तू म्हणशील, चला, दादाला लाज वाटली. वाटलीच, पण आधी दुसरं घडलं. झाडाजवळच खुर्च्यांची मांडणी बघणारा माणूस होता. त्याला मी माझी जागा विचारली. ती तिसऱ्या रांगेत होती, सोसायटीच्या कारकुनाच्या मागे.

तर मी जुन्या पक्षातच आहे. सध्या अध्यक्ष मी, सचिव जेमिसोनी, आणि सभासद तुझी वहिनी. तिचंही नक्की नाही.

बातूमेयोला माझा नमस्कार सांग. नाही, नको सांगूस.

येसाया

कालुंबे, २ ऑगस्ट १९९६

फालेसी,

हे पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

कपालामुला माजलाय. बाजारातल्या प्रत्येक दुकानात त्याचा फोटो लावायचा असा हुकूम निघाला. फोटो लहान असेल तर आरोग्य खात्याचा माणूस येतो आणि त्याला एकदम उंदीर दिसतात. कपालामुला येणार असेल त्या दिवशी बायकांना शेतातून उठवून नाचायला आणतात. मी बघतो आणि मला माझंच घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर दिसावं तसं होतं. चोरीची तक्रार करावी, तर ते मी तरी कुठून आणलं होतं?

तरीही विरोधी पक्ष म्हणून आपलं काही कर्तव्य आहे, असं ठरवून मी बाजारात आंब्याखाली सभा घेतली. पहिली खरी सभा. पूर्वीच्या माझ्या सभांना दहा-दहा हजार लोक असायचे, कारण न आलेल्यांची यादी व्हायची. या सभेला नऊ जण आले आणि त्यातले चार सावलीला बसलेले होते.

मी म्हणालो, "बंधूंनो! या जिल्ह्यात माणसाला तोंड उघडायची सोय राहिलेली नाही! आम्हाला बोलण्याचं स्वातंत्र्य हवं आहे!"

सुकी मासळी विकणारी एनेलेसी तुला आठवते? आता तिचे केस पिकलेत. ती टोपलीवरच्या माश्या वारत तिथूनच म्हणाली, "अहो, वीस वर्षं ते तुमच्याकडेच होतं की! कुठे ठेवलंत ते आठवून बघा. घरातच असेल."

सगळा बाजार हसला. नऊचे नव्वद झाले हसायला. आणि मी काय केलं माहीत आहे? मी डावीकडे मान वळवली. पूर्वी तिकडे पक्षाची पोरं वही घेऊन उभी असायची. कोण बोललं, कोण हसलं, सगळं लिहून घ्यायची. मान आपोआप वळली. तिकडे आता कोणी नव्हतं. तुझी वहिनी होती. तोंडावर हात दाबून हसत होती.

मी घरी आलो आणि दोन दिवस बाजाराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीने मक्याच्या पिठाच्या न्सिमाचं ताट पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "एनेलेसी अजून बाजारातच आहे. मासळी विकतेय. तिला कोणी नेलं नाही. तुम्हालाही काही झालं नाही. मग त्र्याऐंशी साली काय होणार होतं तुम्हाला?"

फालेसी, मी राजधानीत नव्हतो. घरीच होतो.

मावशीच्या मातीला सगळे जमलो होतो. मेव्हण्याने मेव्हण्याची थट्टा करायची, अगदी मयताच्या घरीसुद्धा, ही आपल्याकडची जुनीच रीत. तिने रडणाऱ्यांना जरा दम खायला मिळतो. बातूमेयो उठला आणि म्हणाला, "आमचा मेव्हणा इतका निष्ठावान आहे, की राजधानीत राष्ट्राध्यक्षांना शिंक आली तर हा इथे रुमाल काढतो." लोक रडता रडता हसले. पाद्री हसला. मावशीची सून हसून हसून खाली बसली. मीही हसलो, सगळ्यांसमोर, दात दाखवून.

आणि दुपारी घरी येऊन लिहिलं, की शाळामास्तर बातूमेयो याने राष्ट्राध्यक्षांच्या प्रकृतीची जाहीर टिंगल केली. त्यात राष्ट्राध्यक्षांचं काहीच नव्हतं. शिंक कोणालाही येते. लोक हसले ते मला.

मला वाटलं होतं, दोन दिवस बसवून ठेवतील, दम देतील, सोडतील. चौदा महिने ठेवला. तो एका कानाने बहिरा होऊन परत आला, आणि तुम्ही सामान बांधून सीमेपलीकडे गेलात. त्याला न्यायला गाडी आली, ती माझ्या खिडकीसमोरून गेली. मी पडदा ओढून घेतला.

सही माझी होती.

या पत्राचं उत्तर आलं नाही तर पोस्टाला दोष देणार नाही.

येसाया

कालुंबे, २० जून १९९९

फालेसी,

तीन वर्षं लिहिलं नाही. त्या पत्रानंतर लिहायला तोंड नव्हतं. आज लिहितोय, कारण जे घडलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळलं तर ते माझी फार स्तुती करतील, किंवा मला वेडा म्हणतील. दोन्ही खरं नाही.

मी पुन्हा उभा राहिलो होतो. लोक कपालामुलाला कंटाळले होते, आणि मला कंटाळून बराच काळ लोटला होता. या वेळी घरोघर गेलो. मत मागायला माणसाच्या दारात जावं लागतं, आणि तो जेवत असेल तर बाहेर थांबावं लागतं, हे मला सत्तरीकडे झुकल्यावर समजलं. एनेलेसी म्हणाली, "देईन मत. पण निवडून आलात तर मला नाचायला बोलवायचं नाही. माझे पाय दुखतात आणि तुमचं गाणं रटाळ आहे."

मोजणी शाळेच्या हॉलमध्ये गुरुवारी सकाळी. निवडणूक अधिकारी म्हणून मुख्याध्यापिका लिझिबेती मकालाबाई. बाईंनी वर्गात फिरवायची छडी टेबलावरच ठेवली होती आणि दोन्ही पक्षांचे लोक त्या छडीला टरकून होते. अकराच्या सुमाराला एक सोडून सगळ्या पेट्या मोजून झाल्या. कपालामुला एकसष्ट मतांनी पुढे. राहिली होती ती चिम्बिया गावची पेटी.

उघडली. चारशे बारा मतं. चारशे बाराही मला.

आमचे लोक ओरडले. त्यांनी मला खांद्यावर घेतलं. कंबर त्यातच गेली, अजून शेकतोय. मी वर होतो, हात हलवत होतो, आणि मला खाली चिम्बियाची दोन माणसं दिसली. भिंतीशी उभी होती. ओरडत नव्हती, भांडत नव्हती, एकमेकांकडे बघतही नव्हती. नुसती जमिनीकडे बघत होती.

फालेसी, चिम्बियाची शेतं मी पक्षाच्या फार्मसाठी काढून घेतली होती. तिथे मला कोणी पाणी विचारत नाही. मत मागायला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्याने कुत्रं सोडलं, आणि तेच एक माझ्याजवळ आलं. त्या गावात चारशे बारा? आणि ज्यांची मतं होती ती दोन माणसं समोर गप्प उभी. ते गप्प बसणं मी ओळखलं. ते शिकवायला मला वीस वर्षं लागली होती.

तेवढ्यात तुझी वहिनी मतदारांची यादी हातात घेऊन आली. तिचं माहेर चिम्बियाच. खुणा केलेल्या नावांवरून बोट फिरवत होती. एका नावाशी थांबली.

"माझे वडील येऊन मत देऊन गेले म्हणे," ती म्हणाली. "मला न भेटता?"

सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. मीच खांदा दिलाय.

मी म्हटलं, "मला खाली ठेवा." कोणी ऐकेना. मग मी जेमिसोनीचा कान धरला, मी त्याच्याच खांद्यावर होतो, आणि खाली उतरून त्याला शाळेच्या मागे नेला.

"पेटी कोणी भरली?"

"साहेब, आनंदाचा दिवस आहे," तो म्हणाला.

"जेमिसोनी!"

"त्यांनी पण कुठेतरी भरली असेलच ना साहेब! आणि मी काय नवीन केलं? शिक्का उलटा धरायचा नाही, घड्या वेगवेगळ्या घालायच्या, सगळं तुम्ही शिकवलंय तसंच केलं. मेलेल्यांची नावं आधी घ्यायची, ते तक्रार करत नाहीत, हे पण तुमचंच."

त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. विद्यार्थ्याने पैकीच्या पैकी मिळवावे आणि मास्तराने कान धरावा, तसं. खरी पेटी त्याने स्वतःच्या मक्याच्या कोठीत लपवली होती. सील शाबूत. ती जाळायला त्याचं मन झालं नव्हतं, कारण पेटीला कुलूप चांगलं होतं.

मी आत गेलो. बाई निकालाच्या कागदावर सही करायला बसल्या होत्या.

"बाई," मी म्हणालो, "चिम्बियाची पेटी खोटी आहे. माझी तक्रार लिहून घ्या."

बाईंनी चष्मा काढला. "चत्सिकासाहेब, तुम्ही जिंकलात."

"म्हणूनच तक्रार आहे."

"तक्रार हरलेला करतो," बाई म्हणाल्या. "फॉर्मवर तसंच छापलंय. जिंकलेल्याची तक्रार कोणत्या रकान्यात लिहू?"

शेवटी समासात लिहिली. खरी पेटी आणली, सगळ्यांसमोर सील तोडलं, मोजली. कपालामुलाला तीनशे चाळीस. आणि मला नऊ.

नऊ, फालेसी! चिम्बियात! त्यात तुझं एक धरतो, असं मी वहिनीला म्हटलं, तर ती म्हणाली, "माझं नाव इथल्या यादीत आहे, तिथल्या नाही. आणि धरू नका." म्हणजे नऊच्या नऊ परकी माणसं. ती कोण असतील, त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अजून विचार करतोय. भिंतीशी उभ्या असलेल्या त्या दोघांतला एक जण जाताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. तो म्हणाला, "शेतं कधी परत देणार?" मी म्हणालो, मी हरलोय, माझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, "मग अर्ज तरी लिहून द्या. तुमचा कागद चांगला असतो."

लिहून दिला.

पण खरी गंमत पुढेच. कपालामुला कुठे दिसेना. निकाल ऐकायला माणूस हवा ना! शोधता शोधता तो शाळेच्या मागच्या रस्त्यावर सापडला. गाडी चालू. आत बायको, सासू, गाद्या, रेडिओ आणि दोन बकऱ्या. चिम्बियाची पहिली पेटी उघडल्याचं कळताच त्याने सगळं भरलं होतं आणि सीमेकडे निघायच्या बेतात होता. मला बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"साहेब, सासूबाईंना तरी सोडा. त्यांना राजकारणातलं काही कळत नाही."

"मला सगळं कळतं," सासू आतून म्हणाल्या.

"अरे, तू जिंकलास," मी म्हणालो.

"यात डाव काय आहे?"

"डाव नाही."

त्याने गाडी बंद केली. "म्हणजे मी हरलो असतो, तर तुम्ही मला काय केलं असतं?"

"काही नाही. घरी गेला असतास."

"घरी?" तो म्हणाला. "नुसतं घरी?"

हे त्याला पाच वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? हरलेल्याचं काय होतं हे त्याने माझ्याच हाताखाली बघितलेलं. तो दुकानादुकानात फोटो का लावत होता, ते मला तेव्हा कळलं. भिंतीवरून उतरलो की थेट तुरुंगात, असा त्याचा हिशेब.

राजधानीतून आमच्या पक्षाच्या पुढाऱ्याचा फोन आला. काय काय बोलला ते बहिणीला लिहिण्यासारखं नाही. जेमिसोनी जांभळा झाला. त्याला तिकडे मान आहे.

एवढंच. मी सुधारलो असं मनात आणू नकोस. रोज सकाळी उठल्याबरोबर पहिला विचार येतो, की वाचाळपणा केला नसता तर आज खासदार असतो.

येसाया

कालुंबे, ४ सप्टेंबर १९९९

बातूमेयो,

हे पत्र तुला आहे. पाकिटावर तुझंच नाव घातलंय.

फालेसीचं पत्र आलं. सोळा वर्षांतलं पहिलं. चारच ओळी. "तुझी सगळी पत्रं मिळाली. सगळी वाचली. यांना एकही दाखवलं नाही. ते तुझं काम आहे, माझ्यावर ढकलू नकोस." मी ते फालेसीच्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, पोस्ट ठीक होतं."

तुला थेट का लिहिलं नाही, ते सांगतो. बहिणीला लिहिणं सोपं असतं. रागावली तरी ती बहीणच राहते. तू मेव्हणा. तू माझा कोणी राहिलाच पाहिजेस असं काही नाही.

मावशीच्या मातीला तू जे बोललास, ते मी पोलिसांना लिहून कळवलं. दुसऱ्या कोणी नाही. मी. तू राष्ट्राध्यक्षांवर काही बोलला नव्हतास, हे मला लिहिताना माहीत होतं. तुझी चौदा महिन्यांची भाकरी, तुझा कान, तुझी इथली शाळा, फालेसीचं माहेर, हे सगळं मी एका दुपारी, जेवण झाल्यावर, घालवलं. लोक मला हसले म्हणून. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

गावच्या मुखियाकडे गेलो होतो. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, पाठीराख्यानेच घर मोडलं तर रिवाज काय सांगतो? मुखिया म्हातारे आहेत. त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. म्हणाले, "असं आजवर कोणी कबूल केलेलं नाही, त्यामुळे रिवाज नाही. पण मोडणाऱ्याने स्वतःच्या पायांनी त्या घरी जावं, हे तर कोणालाही कळतं."

तेव्हा मी येतोय.

कपालामुला हल्ली शनिवारी माझ्याकडे येतो. सकाळी उठल्यावर माजी खासदार नेमकं करतो काय, याची चौकशी करतो. पुढच्या निवडणुकीला अजून पाच वर्षं आहेत, पण त्याने आत्तापासून कोंबड्या पाळायला घेतल्यात. दुकानांतले फोटोही उतरवले. म्हणाला, "हरल्यावर लोकांनी उतरवण्यापेक्षा आपणच उतरवलेले बरे." लुसाकाला जातोय हे कळल्यावर त्याने सरकारी गाडी देऊ केली. मी म्हटलं, हे सरकारी काम नाही.

पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून चार ऑक्टोबरच्या सोमवारच्या बसने निघतोय. मंगळवारी पोचेन. वहिनी येणार नाही. ती म्हणते, "पहिल्या वेळी तुम्ही एकटेच जा. मी असले की तुम्ही माझ्या मागे उभे राहाल."

फालेसीने लिहिलंय, की तू शाळेतून चारला घरी येतोस. मी चारला तुमच्या फाटकाबाहेर असेन. हाक मारणार नाही, कडी वाजवणार नाही. बरोबर माफीची म्हणून एक पांढरी कोंबडी असेल, ती मात्र ओरडेल, तिला मी काही करू शकत नाही. मनात असेल तर फाटक उघड. नसेल तर राहू दे. पाचच्या बसने परत फिरेन आणि त्यानंतर तुझ्याबद्दल कोणापाशी तक्रार करणार नाही. अख्ख्या जिल्ह्याने मला दोनदा नाही म्हटलंय आणि मी दोन्ही वेळा घरी जाऊन जेवलोय.

एवढंच मागणं आहे. हो की नाही ते तू स्वतः बाहेर येऊन सांग. फालेसीला पाठवू नकोस.

येसाया